आत्या तिसऱ्या धबधब्यावर

आमच्या घराची सहल कुठेही निघाली, तरी आत्या सामानाजवळ बसायची. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण त्यात कधी बदलही झाला नव्हता. प्राणिसंग्रहालयात आम्ही वाघासमोर गर्दी करायचो, तेव्हा ती फाटकाजवळच्या बाकावर पिशव्यांच्या घोळक्यात बसलेली असायची. समुद्रावर गेलो की आमच्या चपला, टॉवेल, बाबांचं घड्याळ, आईचा चष्मा असं सगळं तिच्या मांडीवर जमा व्हायचं. आम्ही नखशिखांत भिजून, वाळूनं माखून परत यायचो आणि ती विचारायची, "आलात? भूक लागली असेल." आणि बरोबर त्याच पिशवीत हात घालायची जिच्यात खाऊ असायचा.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नऊ-दहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता, छातीत पाणी झालं होतं. वाचते की नाही अशी अवस्था होती. वाचली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "हिला पळू देऊ नका, चढउतार नको, दमेल असं काही करू देऊ नका." त्यांना बहुधा महिना-दोन महिने म्हणायचं असेल. पण तेवढं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं आणि विचारायचं आजीकडून राहिलं. पुढे ते डॉक्टर म्हातारे होऊन वारले, त्यांचा दवाखाना पाडून तिथे पडद्याच्या कापडाचं दुकान झालं, पण त्यांचा सल्ला आमच्या घरात ठणठणीत होता.

आजीनं बाबांना सांगून ठेवलं होतं, "हिला जप." आणि बाबा शब्दाला जागणारे. ते शाळेत व्यायामशिक्षक होते. निम्म्या शहराच्या पोरांना त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, पण सख्ख्या बहिणीला कधी जिना भरभर चढू दिला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शिट्टी त्यांनी न विचारता घरी आणली. ती अजून गळ्यात असते.

आत्यानं लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल हळहळताना मी तिला कधी पाहिलं नाही. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. दिवसभर खालून कानस घासल्याचा आवाज येतो आणि ती म्हणते की तो नसला की तिला करमत नाही. नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. घरी तिनं सांगितलं होतं की तिथे ती टेबलापाशी बसून कपड्यांच्या घड्या घालते. आम्हीही तसंच समजत होतो.

खरं काय ते मला छोटीच्या वेळी कळलं. छोटी म्हणजे माझी मुलगी. तिचा जन्म त्याच इस्पितळात झाला. घरी निघायच्या दिवशी म्हटलं, जाता जाता आत्याला भेटून यावं, म्हणून मी विचारत विचारत तळघरात उतरले. डोक्यावरून चिंध्या गुंडाळलेले जाडजूड नळ गेलेले, जमीन मोरीकडे उतरती, आणि हवा अशी की भिंतींनाही घाम फुटावा. गोल दारांची मोठमोठी यंत्रं घरघरत होती. त्यातल्या एकाचं दार उघडून एक बाई आत कंबरेपर्यंत वाकली होती. आत ओल्या चादरींचा पीळ पडून दोरखंड झाला होता. तिनं एक पाय यंत्राच्या कडेला रोवला, दोन्ही हातांनी तो दोरखंड धरला आणि हिसका दिला. चादरींचा अख्खा डोंगर बाहेर येऊन ढकलगाडीत कोसळला. मग ती वळली. आमची नाजूक आत्या!

"अगं बाई! तू इथे कशाला आलीस? वाफ आहे इथे," ती म्हणाली. तिच्या दंडांकडे बघत मी नुसती उभी. ती जवळ आली, हात पुसले आणि हळूच म्हणाली, "दादाला बोलू नकोस हं. उगाच काळजी करत बसेल."

"आत्या, मग तू सहलीला बसून का राहतेस?"

"वेडी का काय! आठवडाभर उभी असते मी. एक दिवस बसायला मिळतं, तेही उन्हात, तेही फुकट. सोडीन होय?"

हा हिशेब मला पटला आणि मी बाबांना काही बोलले नाही.

मग या वर्षी धुलाईखान्यात नवी देखरेखीची बाई आली. मुलगी चांगली, मायाळू. तिनं पाहिलं की आत्या साठीला आलीय, तरी यंत्रावर आहे. तिनं आत्याला खुर्ची दिली. खरोखरची, पाठ टेकायची, गादी असलेली. काम काय, तर उशांच्या फाटलेल्या अभ्र्यांना टाके घालायचे. सगळ्यांनी आत्याचं अभिनंदन केलं. बाबांना तिनं फक्त गादीच्या खुर्चीचं सांगितलं, तर ते म्हणाले, "शेवटी कुणाला तरी अक्कल आली." आत्या हसली. पण दोन महिन्यांत ती पार उतरली. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. बसून बसून अंग आंबून गेलंय. माणूस बसलं ना, की आजूबाजूचे आवाज हळू होतात. सगळे जणू आजाऱ्याशी बोलल्यासारखे बोलतात."

अशातच छोटीला सात वर्षं पूर्ण झाली आणि तिनं जाहीर केलं की तिला भेट म्हणून धबधबा पाहिजे. एक नाही, तिन्ही. आमच्या शहरापासून बसनं सकाळी निघालं की डोंगराच्या पायथ्याशी जाता येतं. तिथे एकाच ओढ्याचे एकावर एक तीन धबधबे आहेत. पहिल्यापर्यंत तर लोक तान्ही मुलं घेऊनही जातात. बाबांना एवढंच निमित्त पुरलं. त्यांनी आठवडाभर आधीपासून तयारी सुरू केली. टोप्या आणल्या, दोर आणला, मलमपट्टी आणली. माझ्या नवऱ्याला रोज संध्याकाळी फोन करून ते पाण्याच्या बाटल्यांबद्दल सूचना देत होते. आईनं तिच्या परीनं तयारी केली, म्हणजे इतका पाव आणि इतकी उकडलेली अंडी घेतली की रस्ता चुकून आम्ही तिथेच राहायला लागलो असतो तरी चाललं असतं.

बसनं सोडलं तिथे रस्ता संपत होता. एक चहाचं दुकान, पुढे लाकडी बाकं, तिकिटाची खिडकी आणि एक मोठा फलक. फलकावर लिहिलं होतं की पहिला धबधबा सर्वांसाठी, दुसऱ्याला दगडी पायऱ्या, तिसऱ्याला लोखंडी शिडी आणि तिसऱ्यावर आपापल्या जबाबदारीनं जावं. पाणी अजून दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. लांबवर कुणीतरी सतत तांदूळ पाखडतंय असा.

बाबांनी शिट्टी वाजवली. आम्ही सगळे, आणि दोन अनोळखी कुटुंबंही, त्यांच्याकडे वळलो.

"नीट ऐका. मी सगळ्यात पुढे. जावईबापू सगळ्यात मागे. छोटी मध्ये. मोठ्या पिशव्या इथेच." त्यांनी सावलीतलं बाक हेरलं, ते हातरुमालानं पुसलं आणि आत्याला म्हणाले, "ये, बस. इथे वारा पण चांगला आहे. चहा लागला तर मागव."

आत्या बाकाकडे गेली. पिशवी खाली ठेवली. मग तिनं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं, तिच्या पायात जाड तळव्यांचे नवे बूट होते.

"दादा, मी येतेय," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर."

बाबांना ते ऐकूच आलं नाही बहुतेक. ते म्हणाले, "हो, हो, आम्ही येतोच संध्याकाळपर्यंत."

"तुम्ही याल ते याल. मी तुमच्याबरोबर जातेय म्हणतेय."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी झाडाकडे. बाबा हळू आवाजात म्हणाले, "अगं, असं काय करतेस? तुझी छाती..."

"माझी छाती माझ्याबरोबरच येईल, दादा. मागे ठेवून कशी जाईन?"

छोटीला हे फार आवडलं. ती खो-खो हसली. बाबांना राग धरायला जागाच राहिली नाही. ते म्हणाले, "आणि सामान?" तर चहाच्या दुकानातल्या बाईनं तिथूनच आवाज दिला, "ठेवा की माझ्याकडे! रोज निम्म्या जगाचं सामान सांभाळते मी."

निघालो.

पहिल्या धबधब्यापर्यंत वाट रुंद होती. लहान मुलं, आजोबा, एक कुत्रा, सगळे चालले होते. बाबा दर वळणावर थांबून आत्याकडे बघायचे आणि विचारायचे, "दम लागला?" आत्या म्हणायची, "नाही." पुढच्या वळणावर पुन्हा, "आता?" शेवटी ती म्हणाली, "दादा, तू विचारतोस तेव्हा उत्तर द्यायला लागतं ना, त्यानं लागतोय." त्यानंतर बाबा नुसतेच बघायचे.

पहिला धबधबा बुटका आणि पसरट होता, खालच्या डोहात गुडघाभर पाणी. आई एका खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून म्हणाली, "माझं झालं. आता तुम्ही कुठेही जा. येताना मला इथून उचला." आम्ही तिला तिथे सोडलं. ती सुखी होती. अंडीही तिच्याचजवळ होती.

दुसऱ्याच्या पायऱ्या सुरू झाल्या आणि बाबांमधला व्यायामशिक्षक जागा झाला. तरुण पोरांचं एक टोळकं त्यांच्या शेजारून भरभर वर गेलं. बस्स. बाबांनी छाती पुढे काढली आणि त्यांच्या मागे लागले. मी ओरडले, "बाबा, हळू!" त्यांनी मागे न बघता हात हलवला. आत्या एका लयीत येत होती. डावा पाय, उजवा पाय, जणू अशाच पायऱ्या ती रोज चढत होती. आणि चढतच होती की! तळघरातून वर, वरून तळघरात.

दुसऱ्या धबधब्याशी पोचलो तर बाबा एका शिळेवर आडवे. पोटरी धरलेली, दात आवळलेले. पायाला गोळा आला होता. पोरांचं टोळकं त्यांच्याभोवती उभं राहून वारा घालत होतं.

"काही नाही, काही नाही," बाबा म्हणत होते, आणि बोलता बोलता "आई गं!" करत होते.

आत्यानं पोरांना बाजूला केलं, खाली बसली, बाबांचा बूट काढला आणि पोटरीला असा काही हात घातला की बाबांनी डोळेच पांढरे केले. पीळ सोडवायची तिला सवय होती. थोड्या वेळानं गोळा उतरला. पण पाय टेकवताच बाबांचा चेहरा पुन्हा कळवळला. पुढे शिडी होती. शिडी त्यांना जमणार नव्हती, हे त्यांच्यासकट सगळ्यांना कळलं.

"मग काय, परत," माझा नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. त्याला उंचीची भीती वाटते. फलकावर शिडी वाचल्यापासून तो अगदी गप्प होता.

छोटीचे ओठ थरथरायला लागले. "तीन धबधबे म्हणाला होतात."

आत्या उभी राहिली. "जावईबापू, तुम्ही दादाजवळ थांबा. आम्ही तिघी जाऊन येतो."

बाबा उठायला गेले. आत्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. जोरात नाही, पण ते बसले. आपल्या बहिणीच्या हातात किती ताकद आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण ते चमकून तिच्याकडे बघत राहिले.

"बस तू," ती म्हणाली. "खरं सांगते, बसणं एवढं वाईट नसतं. लोक बघायला मिळतात. कोण कुणाशी भांडतंय, कुणाची टोपी उडाली. वेळ मजेत जातो." तिनं आमच्या छोट्या पिशव्या त्यांच्या शेजारी ठेवल्या. "आणि हे जरा बघ."

शिडी दुसऱ्या धबधब्याच्या पलीकडच्या कड्यात ठोकलेली होती. खालून पाहिली तेव्हा ती काही फार उंच वाटली नाही. चढायला लागलं की वाटते. लोखंड ओलं, गार, आणि वारा मधूनच धबधब्याचे तुषार आणून तोंडावर मारत होता. मी पुढे, मध्ये छोटी, मागे आत्या. मी वर पोचत आले तेव्हा खालून छोटीचा आवाज आला, अगदी बारीक.

"आई. मला वर पण नको. आणि खाली पण नको."

मी वाकून पाहिलं. ती शिडीच्या मधोमध थिजली होती. दोन्ही हातांनी एकच पायरी कवटाळलेली, डोळे गच्च मिटलेले. मला तिथे वळता येईना. आत्याच्या मागे ते तरुणांचं टोळकं आणि त्यांच्यामागे आणखी माणसं शिडीच्या पायथ्याशी खोळंबलेली. कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो वर?"

आत्या दोन पायऱ्या वर चढली. आता तिचे हात छोटीच्या दोन्ही बाजूंनी शिडीला होते आणि छोटी तिच्या छातीला टेकली होती, जणू खुर्चीतच बसली होती.

"घाबरलीस?" आत्यानं विचारलं.

छोटीनं मान हलवली.

"मी पण. बरं, आता एक काम करू. आमच्या धुलाईखान्यात मोठी चादर असते ना, तिची घडी दोघींनी मिळून घालायची असते. एक म्हणते धर, की दुसरीनं टोक धरायचं. सोड म्हटलं की सोडायचं. चुकलं की चादर जमिनीवर आणि पुन्हा धुणं. तुला येईल?"

"इथे चादर नाहीये," छोटी डोळे मिटूनच म्हणाली.

"आहे असं समज. उजवा हात. सोड."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक हात सुटला.

"वरची पायरी. धर. शाब्बास! आता डावा. सोड... धर. पाय वर. हां."

"सोड... धर," छोटी पुटपुटली. एक पायरी. आणखी एक. खालच्या पोरांना प्रकार लक्षात आला आणि त्यांनी सूर धरला, "सोड! धर! सोड! धर!" रांगेतल्या बायाही त्यात मिसळल्या. अख्खा कडा घुमायला लागला. मला हसू आवरेना. छोटीनं एक डोळा उघडला, मग दुसरा. शेवटच्या पायऱ्या तर ती आत्याच्या आधी स्वतःच "धर" म्हणत चढली. मी तिला वर ओढून घेतलं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

छोटी उभी राहिली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "पुढे अजून एक शिडी आहे?"

आत्या वर आली ती धापा टाकतच. मी घाबरले. म्हटलं, "आत्या, बस जरा."

"नाही गं," ती श्वास घेत म्हणाली. "उभीच बरी." आणि चालायला लागली.

झाडी संपली आणि तिसरा धबधबा समोर आला. पहिले दोन बघून मला वाटलं होतं की हा तसाच असेल, जरा मोठा. पण याचा माथा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. पाणी काळ्या कड्यावरून सरळ उडी घेत होतं, अर्ध्यावर एका कपारीवर आपटून फुटत होतं आणि तिथून पुढे त्याचं पाणी न राहता नुसतं पांढरं वारं होत होतं. जमीन पायाखाली गुरगुरत होती. एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं. आणि पाणी इतकं गार की छोटीनं बोट बुडवलं आणि किंचाळून बाहेर काढलं.

आत्यानं बूट काढले, मोजे त्यात खोचले, विजारीचे पाय दुमडले आणि डोहात शिरली. घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यापर्यंत. मग दुमडलेलं सगळं भिजलंच, तेव्हा तिनं तेही सोडून दिलं. धबधब्याच्या कडेला, जिथे पाणी विरळ होऊन कोसळत होतं, तिथे जाऊन ती उभी राहिली. केस कपाळाला चिकटले, सदरा अंगाला चिकटला. तिनं दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि मान वर केली. तिचे ओठ हलत होते. काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं, पण ती हसत होती, एवढं दिसत होतं. छोटी धावत तिच्याकडे गेली आणि त्या दोघींनी एकमेकींवर पाणी उडवायला सुरुवात केली. जिथे आधीच आभाळातून पाणी पडत होतं तिथे! मीही गेले. आम्ही तिघी तिथे किती वेळ नाचलो कोण जाणे.

बाहेर येऊन कपडे पिळताना मी विचारलं, "आत उभी राहून काय बोलत होतीस?"

"मी?" तिनं सदऱ्याचं टोक एका हातानं असं पिळलं की त्यात थेंब उरला नाही. "मी म्हणत होते, आयुष्य पाण्यात गेलं माझं, पण पाणी बघितलं आज. एवढं पाणी आणि धुवायला एक कपडा नाही!"

उतरताना तिचे पाय लटपटत होते. शिडी तिनं नीट उतरली, पण खालच्या चिखलात घसरली आणि धपकन बसली. मी धावले. ती तिथेच बसून हसत होती. म्हणाली, "बघ, शेवटी बसलेच."

दुसऱ्या धबधब्याशी बाबा उभे राहून वाट बघत होते, आणि माझा नवरा पोट धरून हसत होता. झालं असं, की आम्ही गेल्यावर बाबांना राहवेना. त्यांनी धाकट्या काकांना, म्हणजे त्यांच्या भावाला, फोन लावला. आवाज भरून आलेला होताच. ते म्हणाले, "अरे, ऐकलंस का? आपली ताई वर गेली."

काकांनी तिकडून विचारलं, "कधी?"

"आत्ताच. थोडा वेळ झाला."

"जवळ कोण होतं?"

"छोटी आणि तिची आई गेल्यात ना बरोबर."

यावर काकांनी जो हंबरडा फोडला तो माझ्या नवऱ्याला धबधब्याच्या आवाजातही ऐकू आला. बाबा गोंधळून ओरडत होते, "अरे रडतोस काय असा? येतील की तासाभरात खाली!" मग नवऱ्यानं फोन हिसकावून घेतला आणि काकांना परिस्थिती समजावली. काकांना आनंद झालाच, पण बाबांना त्यांनी जे काही ऐकवलं ते छोटीसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

आत्या बाबांसमोर येऊन उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत ओली, मागे चिखल, गाल लाललाल. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"छाती कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"धडधडतेय," ती म्हणाली. "मस्त धडधडतेय."

बाबांनी मान खाली घातली. "आईनं सांगितलं होतं, हिला जप. तू पलंगावर होतीस. तुझा श्वास मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचो. थांबला तर? म्हणून झोपायचो नाही मी."

आत्याला हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या बाहीला ओला हात पुसत म्हणाली, "जपलंस की, दादा. तू जपलंस म्हणून आज वरपर्यंत गेले. आता पुरे. आता नुसता भाऊ हो."

बाबांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "शिडी किती उंच होती गं?"

"ये पुढच्या वेळी. बघशील."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले नाहीत. ते मधल्या बाजूला बसले, म्हणजे जास्त माणसं हाताशी लागतात. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "ही माझी बहीण. तिसऱ्या धबधब्यावर जाऊन आली. शिडी चढून. नात अडकली होती, तिलाही घेऊन गेली." ते गृहस्थ उतरले, दुसरे बसले, त्यांनाही सांगितलं. प्रत्येक थांब्यागणिक शिडी थोडी वाढत गेली. शहर आलं तेव्हा ती निम्म्या कड्याएवढी झाली होती आणि वारा वादळ झाला होता. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी वळून आत्याला विचारलं, "भीती नाही वाटली हो तुम्हाला?"

आत्या अंडं सोलत होती. "वाटली ना," ती म्हणाली. "पण मागे रांग होती."

सोमवारी तिनं देखरेखीच्या बाईला गाठलं आणि यंत्र परत मागितलं. ती मुलगी आधी नको म्हणाली, मग धबधब्याची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाली, "मावशी, सकाळची पाळी यंत्रावर करा. पण पुढच्या वेळी मलाही न्या." आणि आत्यानं नेलं. तिला, आणि धुलाईखान्यातल्या जेवढ्या बायकांना सुट्टी मिळाली तेवढ्या सगळ्यांना. आता त्यांचा कायमचा जथा झालाय. धबधबे झाले, दोन टेकड्या झाल्या, एक गुहा झाली.

परवा मी कचेरीत होते तेव्हा तिचा फोन आला. पलीकडे नुसता वारा. त्या वाऱ्यात बायकांचा गलका, कुणीतरी गात होतं, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"आत्या, कुठे आहेस?"

"अगं, डोंगराच्या माथ्यावर! इथून ना, तुमचं शहर असं दिसतंय, असं दिसतंय..." कसं दिसतंय ते वारा घेऊन गेला. मग एकदम तिचा आवाज जवळ आला, घाईघाईचा. "बरं, ठेवते गं. बाकीच्या पुढे गेल्या."